घरचा डॉक्टर आणि घराचा हिशेब

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. ते दुखण्याविषयी जितके खरे आहे तितकेच दुखण्यापायी झालेल्या कर्जाविषयीही खरे आहे. आजार आठ दिवसांत बरा होतो, त्यापायी काढलेले कर्ज आठ वर्षे फिटत नाही. मराठवाड्यातील कोणत्याही गावात चावडीवर घटकाभर बसावे आणि कोणाची जमीन का गेली याची चौकशी करावी. लग्न, दुष्काळ आणि भाऊबंदकी यांच्या जोडीला 'दवाखाना' हा शब्द हमखास कानावर पडतो.

या खर्चाचा विचार करताना आपण बहुधा औषधांच्या किमती, रुग्णालयांची बिले आणि सरकारी योजना यांच्याकडे पाहतो. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्या कुटुंबाला आपला म्हणावा असा डॉक्टर होता काय? पहिल्या तापापासून शेवटच्या श्वासापर्यंत ज्याच्याकडे जायचे, ज्याला घरातील माणसे नावानिशी ठाऊक आहेत, असा कोणी होता काय? तसा डॉक्टर असणे किंवा नसणे याचा घराच्या हिशेबावर कोणता परिणाम होतो, हे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या गेल्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीच्या आधारे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

खळ्यावरचे देणे

वसई-मुंबईच्या वाचकांना एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकातच पसरू लागलेली महाविद्यालये, मिशनांची रुग्णालये आणि पाश्चात्य वैद्यकाचे पदवीधर येथे फार उशिरा आणि फार थोडे पोहोचले. संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळे हकीम आणि वैद्य हे दोघेही या भागातील घरांना परिचित होते. आजही येथील बोलीत रुग्णालयापेक्षा 'दवाखाना' हाच शब्द अधिक घरगुती वाटतो.

खेड्यातील उपचाराची व्यवस्था गावगाड्याच्या आधाराने चाले. गळू फोडणे, जळवा लावणे ही कामे न्हावी करी. बाळंतपण सुईण करी. काढे आणि चाटण वैद्य देई. मराठवाड्याच्या पायविहिरींतून पसरणारा नारू पायातून बाहेर पडू लागला की, तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणारी कसबी माणसे गावोगाव असत. या साऱ्यांचे देणे बहुधा रोखीने नसे. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने ते दिले जाई, किंवा सणावाराला चोळी-पागोट्याच्या रूपाने. म्हणजे माणूस आजारी पडला त्या दिवशी घरातून पैसा बाहेर जात नसे. पीक हाती आले की देणे फिटे आणि पीक बुडाले तर घेणाराही थांबे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिचे ज्ञान तोकडे होते. पटकी, प्लेग आणि १९१८ सालच्या इन्फ्लुएंझापुढे ती हतबल ठरली. त्याहून मोठे वैगुण्य म्हणजे ती सर्वांसाठी सारखी नव्हती. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याची नाडी कोण पाहणार? गावकुसाबाहेरच्या माणसाला ना खळे होते, ना वैद्याच्या ओसरीवर चढण्याची मुभा. तरीही त्या व्यवस्थेतील एक तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे. वर्षाचे देणे वर्षात विभागलेले होते आणि घेणारा माणूस ओळखीचा होता.

रेल्वे आणि दूरचे दवाखाने

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमुळे नांदेड एका बाजूने हैदराबादशी आणि दुसऱ्या बाजूने मनमाडशी जोडले गेले. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली आली. हीच गाडी १९२७ साली पंढरपूरहून पुढे मिरजेपर्यंत गेली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले मिशन रुग्णालय होते आणि शस्त्रक्रियेसाठी त्याची ख्याती दूरवर पसरली होती. नांदेडच्या रुग्णाला हैदराबादचे उस्मानिया रुग्णालय आणि लातूरच्या रुग्णाला मिरज अशा दोन वाटा खुल्या झाल्या. पुढे २०१६ सालच्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वेगाडी आली तीही मिरजेहूनच. रूळ बदलले होते, पण गरजेच्या वेळी मिरजेकडे पाहण्याची दिशा जुनीच होती.

या वाटांनी अनेकांचे प्राण वाचले. परंतु दूरच्या दवाखान्याबरोबर खर्चाचा एक नवा प्रकार घरात शिरला. उपचार मोफत वा स्वस्त असला, तरी प्रवास, सोबतच्या माणसाचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी हे सारे रोखीने आणि एकदम द्यावे लागे. शिवाय तेथील डॉक्टर कितीही कुशल असला, तरी तो रुग्णाला प्रथमच पाहत असे आणि बहुधा पुन्हा कधी पाहणार नसे. ओळख आणि उपचार यांची फारकत येथून सुरू झाली.

भोर समितीचे स्वप्न

याच सुमारास देशपातळीवर एक मोठा विचार मांडला गेला. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्याचे मूलतत्त्व होते. अल्पकालीन योजनेत चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले होते. गावाच्या जवळ राहणारा, केवळ रोग नव्हे तर घर आणि परिस्थितीही जाणणारा 'सामाजिक वैद्य' ही त्या अहवालाची कल्पना होती. आज आपण ज्याला नियमित डॉक्टर म्हणतो, त्याचेच हे सार्वजनिक रूप म्हणता येईल.

मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या हाती आली. इमारती उभ्या राहिल्या, लसी आल्या. पुढे नारूही हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे यश लहान नव्हे. परंतु केंद्रातला डॉक्टर टिकला नाही. बदली, रिकामे पद, मुक्कामाची गैरसोय आणि कुटुंब नियोजनाच्या उद्दिष्टांचा भार यांमुळे गावाला त्याचे नाव पाठ होईपर्यंत दुसरा येई. सामाजिक वैद्याची खुर्ची होती. तीवर बसणारा माणूस मात्र पाहुणा होता.

मिक्श्चरची बाटली आणि उधारीची वही

ही रिकामी जागा तालुक्याच्या आणि बाजारगावांच्या खासगी डॉक्टरांनी भरून काढली. ज्या पिढीने साठ-सत्तरची दशके पाहिली तिला ते दृश्य आठवेल. पेठेतील दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाकडे, आत पडद्यामागे कंपाउंडर आणि मात्रा दाखविणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली. रिकामी बाटली घरूनच न्यावी लागे. औषध डॉक्टरच देई. चिठ्ठी घेऊन दुकान शोधण्याचा प्रसंग क्वचित येई. खिशात पैसे नसले तर नाव वहीत लागे आणि ज्वारी किंवा कापूस विकला गेला की ते खोडले जाई. डॉक्टरच्या 'हातगुणा'वर लोकांची श्रद्धा असे. त्या हातगुणातला मोठा भाग खरे तर स्मरणशक्तीचा होता. याच्या बापाला दमा होता, याला पेनिसिलीन चालत नाही, या घरची सून गेल्या वर्षीच बाळंत झाली, हे सारे त्या डॉक्टरच्या डोक्यात असे.

खर्चाच्या दृष्टीने या संबंधाचे तीन लाभ होते. एक, पूर्वीचे आजार ठाऊक असल्याने तपासण्या आणि औषधे यांची पुनरुक्ती टळे. दोन, 'हे आपोआप बरे होईल, चार दिवस थांबा' असे सांगण्याचे धैर्य डॉक्टरला होत असे, कारण रुग्ण चार दिवसांनी त्याच्याकडेच येणार होता. अनोळखी डॉक्टर असे थांबू शकत नाही. गुण आला नाही तर रुग्ण दुसरीकडे जाईल या भीतीने तो पहिल्याच भेटीत सारी शस्त्रे काढतो. तीन, शहरात न्यावे की नाही, न्यायचे तर कोणाकडे, हे सांगणारा वाटाड्या घराला मिळे. मोठा खर्च होतो तो बहुधा या वाटेवरच होतो.

तरीही उणी बाजू झाकता येत नाही. ओळखीचा डॉक्टर म्हणजे चांगला डॉक्टरच असे नव्हे. प्रत्येक तापाला सुई आणि प्रत्येक अशक्तपणाला सलाईन ही सवय याच काळात खेड्यापाड्यांत मुरली. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधवापराचा अभ्यास करून १९९८ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात अनावश्यक औषधे आणि इंजेक्शने यांवर होणाऱ्या अपव्ययाचे चित्र आले आहे. त्याआधी १९८९ साली रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांच्या जळगाव जिल्ह्यातील घरोघरच्या पाहणीने लोक उपचारासाठी मुख्यतः स्वतःच्या खिशातून आणि खासगी डॉक्टरांकडे खर्च करतात हे आकड्यांनिशी दाखविले होते. नांदेड-लातूरची कहाणी त्याहून वेगळी असण्याचे कारण नव्हते. विश्वासाचा लाभ घेणारा डॉक्टर थोडथोडके, पण सतत घेऊ शकतो. म्हणून ओळखीला ज्ञानाची आणि सचोटीची जोड हवी.

रुग्णालयांचे युग

१९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूर येथे विवेकानंद रुग्णालय सुरू केले. पुण्यात शल्यविद्येचे शिक्षण झालेल्या तरुण डॉक्टराने तेव्हाच्या लातूरसारख्या तालुक्याच्या गावी यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यांना २०१९ साली पद्मभूषण सन्मान मिळाला. शस्त्रक्रियेसाठी सोलापूर, मिरज गाठण्याची सक्ती या रुग्णालयामुळे बऱ्याच अंशी संपली. पुढे वैद्यकीय शिक्षणही जवळ आले. औरंगाबादला १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले होते. अंबाजोगाईला १९७४, नांदेडला १९८८, लातूरला १९९० साली खासगी आणि २००२ साली शासकीय महाविद्यालय स्थापन झाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून त्या शहराची वाढ झपाट्याने होत गेली. नांदेडमध्ये तर 'डॉक्टर्स लेन' या नावाने एक वस्तीच ओळखली जाऊ लागली.

जे उपचार पूर्वी हैदराबाद-पुण्याला मिळत, ते शंभर किलोमीटरच्या आत आले. ही प्रगतीच होय. तिच्यामुळे हजारो माता आणि बालके वाचली. परंतु या प्रगतीच्या सावलीत पेठेतला तो दोन खोल्यांचा दवाखाना ओसरू लागला. त्याच्या मुलाने विशेषज्ञ होऊन शहरात रुग्णालय काढले. छातीत कळ आली की हृदयाचा डॉक्टर, गुडघा दुखला की हाडांचा, अशी एकाच माणसाची वाटणी झाली. प्रत्येकाची फाईल वेगळी, तपासण्या वेगळ्या, औषधे वेगळी. आणि या साऱ्यांची मोट बांधणारा कोणीच नाही. वाटाड्या गेला तेव्हा त्याच्या जागी दलाली आली. रुग्ण पाठविल्याबद्दल पैसे देण्या-घेण्याची प्रथा इतकी फोफावली की, २०१७ साली महाराष्ट्र शासनाला 'कट प्रॅक्टिस' रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करावा लागला. तो मसुदा कायद्यात उतरला नाही. पूर्वी ज्या सल्ल्यासाठी रुग्ण डॉक्टरचा ऋणी असे, त्याच सल्ल्याची किंमत आता रुग्णाच्या नकळत त्याच्याच बिलातून वसूल होऊ लागली.

भूकंपानंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. देशभरातून डॉक्टरांची पथके धावली आणि त्यांनी रात्रंदिवस सेवा केली. पण पथके काही आठवड्यांनी परततात. मोडलेला कणा, कापलेला पाय आणि उद्ध्वस्त झालेले मन वर्षानुवर्षे सोबत राहते. तेव्हा लागतो तो जवळचा, नेहमीचा माणूस.

हे ओळखून काम करणाऱ्यांत तुळजापूर तालुक्यातील अणदूरचे डॉ. शशिकांत अहंकारी यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. या विचाराचा उगम मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडला सापडतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. ज्या हाताचा विटाळ मानला जाई, तोच हात आता गावाच्या बाळंतपणाला बोलावला जाऊ लागला. बालमृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेहमीचा माणूस पदवीधर डॉक्टरच असला पाहिजे असे नाही, त्याच्यामागे जाणता डॉक्टर उभा असला म्हणजे पुरे, हा जामखेडचा धडा आहे. खळ्यावरच्या वैद्याकडे जवळीक होती, पण ज्ञान आणि समता नव्हती. जामखेडने तिन्ही एकत्र आणून दाखविली.

योजना आणि तिच्या सीमा

२ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत नांदेड होते. पुढच्या वर्षी ती लातूरसह साऱ्या राज्यात पोहोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार अशा प्रसंगी या योजनेने अनेक घरे सावरली आहेत. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. रक्तदाबाची महिन्याची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरची साधी भेट हे तिच्या कक्षेबाहेर राहते. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दाखल झाला तर योजना धावते. तो होऊ नये म्हणून रोजची गोळी देणारा आणि 'गोळी का सोडलीस' असे दरडावून विचारणारा डॉक्टर मात्र घराच्या खर्चात पडतो, आणि गरीब घर पहिली कात्री तेथेच लावते.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात एका वेळच्या रुग्णालयवासाचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,३०० रुपये, तर खासगीत २७,००० रुपयांहून अधिक आढळला. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो सुमारे ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, पण ओझे हलके झालेले नाही.

नियमित डॉक्टरमुळे यात काय फरक पडतो याचा पडताळा नॉर्वेत मिळतो. तेथे २००१ पासून प्रत्येक नागरिकाला आपला ठरलेला डॉक्टर असतो. तेथील लाखो लोकांच्या नोंदींवरून अलीकडे झालेल्या अभ्यासात, एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांना तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण, वर्षभराचीच ओळख असणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी दिसले. मृत्यूचे प्रमाणही २५ टक्क्यांनी कमी होते. नॉर्वे श्रीमंत देश आहे, तेथील डॉक्टरचा भार शासन उचलते; त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा औसा-मुखेडला लागू होणार नाही. पण ज्या अनुभवाला आपले आजोबा हातगुण म्हणत, तो केवळ भाबडेपणा नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियमित डॉक्टर असला म्हणजे खर्च थांबतो असे नाही. उलट काही काळ तो वाढतो, कारण दडलेला मधुमेह सापडतो आणि दरमहा औषध सुरू होते. बदलते ते खर्चाचे स्वरूप. अकस्मात कोसळणारा मोठा खर्च लहान, ठरावीक आणि आधी कळणाऱ्या खर्चात विभागला जातो. सालदाराच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हा भेद फार मोठा आहे. महिन्याचे तीनशे रुपये तो कसेबसे उभे करतो. एका रात्रीत तीन लाख उभे करायचे तर त्याला सातबाऱ्याकडेच पाहावे लागते.

शेवटच्या पायरीवरचा भार

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला. रुग्ण दूरवरून आणि अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे प्रशासनाने सांगितले. दोषाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण दूरवरून, अखेरच्या घटकेला माणसे तेथे का येतात, हा प्रश्न त्या रुग्णालयाच्या दाराशी सुरू होत नाही. तो गावात सुरू होतो. नऊ महिने त्या मातेला नावाने ओळखून तपासणारे कोणी होते का? खालच्या पायऱ्या मोडल्या की सारा भार शेवटच्या पायरीवर येतो.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले आहेत, आणि उपकेंद्रांवर आयुर्वेदाचे पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले गेले आहेत. हे योग्य पाऊल आहे. त्यांना एका गावी पाच-दहा वर्षे टिकू दिले, औषधे पुरविली आणि मागे जाणत्या डॉक्टरचा आधार दिला, तर सर जोसेफ भोर यांच्या अहवालातला सामाजिक वैद्य पाऊणशे वर्षांनी का होईना, मराठवाड्याच्या गावात मुक्कामाला येईल. ते टिकले नाहीत, तर आणखी एक पाहुणा येऊन गेला असे होईल.

पेठेतली ती वही आता कोठे उरलेली नाही, आणि तिच्यातल्या उधारीसाठी कोणी हळहळू नये. उपचारासाठी कोणाला उधार मागावे लागणे हेच मुळात लाजिरवाणे आहे. पण त्या वहीत प्रत्येक घराचे नाव होते. नावाने ओळखणारा माणूस उंबरठ्याजवळ असला, तर दुखणे आलेच तरी ते हत्तीच्या पावलांनी येण्याआधी त्याची चाहूल कोणाला तरी लागते.